खाजेची वही

रात्री अडीचला सुरू होतं.
मागचा पाय, फरशीवर नख,
टक टक टक टक,
अंधारात कुणी शिवणाचं जुनं मशीन मारतंय
आणि दोरा ओवलेलाच नाही.

"डांबर, पुरे," मी झोपेत म्हणते.
तो थांबतो. माझ्यासाठी.
मग हळूच, मला ऐकू येऊ नये असा,
चाटायला लागतो.

मानकापूरच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा
ड्रमांच्या मागे सापडला, म्हणून हे नाव.
आता पोटावरचे केस गेलेत,
काखेतली कातडी जाड, हत्तीसारखी,
कानांतून आंबलेल्या पिठाचा वास.

औषध सगळ्यांकडे होतं.
मेश्राम काकूंकडे करंजाचं तेल,
इस्त्रीवाल्याकडे गंधक.
वरच्या मजल्यावरचे म्हणाले,
"सोडून या ना वो गोरेवाड्याकडे,
काहून जीव जाळता?"

सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात
डॉक्टर उईके बाईंनी त्याचा पंजा उघडला,
बोटांच्या बेचक्यात बघितलं,
जिथे चाटून चाटून काळे केस विटकरी झालेत.
"बरा होणार नाही," त्या म्हणाल्या,
"सांभाळावा लागेल."
आणि मला एक वही घालायला सांगितली.

नऊ मे. शेचाळीस अंश.
कूलरचं गवत बदललं. जुन्यात बुरशी, बोटभर.
बारा मे. आंघोळ. फेस दहा मिनिटं अंगावर.

दहा मिनिटं फार असतात.
मोरीत पाटावर बसून मी त्याला धरते,
तो माझ्याकडे नाही, नळाकडे बघतो,
आणि माझ्या लक्षात येतं
इतका वेळ मी कुणालाच धरलेलं नाही
आई गेल्यापासून.
बाबांनाही नाही.

चौदा मे. कोंबडी बंद, पोळी बंद, दूध बंद.
आठ आठवडे फक्त रताळं आणि मासा.
मंगळवारी बाजारातून आणते,
चष्मा लावून काटे काढते,
पाचव्या आठवड्यात काखेत लव आली,
मी बँकेत सगळ्यांना सांगितलं, पेढे तेवढे वाटले नाहीत.

वीस जून. पोट पुन्हा लाल.
काय चुकलं?
शॅम्पू तोच. गोचिडांची गोळी वेळेवर.
मी पानं मागे उलटते,
शिल्लक जुळत नसली की उलटते तशी.

दुसऱ्या दिवशी लवकर घरी आले, पाचला.
बाबा आरामखुर्चीत. शुगर तीनशे दहा.
हातात टोस्ट, अर्धा बशीत बुडवलेला,
अर्धा डांबरच्या तोंडात.
दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.
दोघांच्याही मिशांना चुरा.

"तो मागते बाप्पा," बाबा म्हणाले.
"अन् एकट्यानं खाणं बरं दिसते का?"

रागवायचं होतं मला.
शब्द घशाशी आले आणि तिथेच
टोस्टसारखे मऊ पडले.
वहीत लिहिलं : आठवडे पुन्हा पहिल्यापासून.
मग पान उलटून बाबांसाठी नवं घातलं,
वर तारीख, खाली रेघा.

आता टोस्टच्या डब्यात दोन कप्पे आहेत.
एकात फुटाणे,
एकात रताळ्याच्या चकत्या, गच्चीवर वाळवलेल्या.
मृग कोरडा गेला त्याचा तेवढाच उपयोग.
पाच वाजता झाकण वाजतं
आणि दोघं मला बोलावतही नाहीत.

सप्टेंबर. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर
गाजरगवत फुललंय, पांढरं, निरागस.
फिरून आल्यावर ओल्या फडक्यानं
त्याचे पाय पुसते, चारही, बेचक्यांतूनही.
परवा बाबांनी थट्टेत आपलाही पाय पुढे केला.
पुसला.
टाचेला भेग होती, केव्हाची कोण जाणे.
दुसराही पुसला.

रात्री अडीचला जाग येते, सवयीनं.
कान देते.
टक.
मग बराच वेळ फक्त कूलरची मोटर.
मग टक टक.

सकाळी लिहीन : दोनदा.